बरी झालेली गाठ

गेल्या वर्षी मोहरमच्या सुट्टीत आपाचा फोन आला. पाऊस, पोरांची शाळा, सोयाबीनचा भाव असं सगळं बोलून झाल्यावर ती सहज सांगितल्यासारखं म्हणाली, “तो गुडघा परत दुखतोय रे.”

‘तो’ म्हणजे डावा. आमच्या घरात त्या गुडघ्याचा विषय कोणी काढत नाही.

२००९ साली आपा २४ वर्षांची होती, डी.एड. करत होती. गुडघा रात्री ठणकायचा. डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग इंजेक्शन दिलं. फुफूने कसल्याशा तेलाची बाटली पाठवली. सहा महिने असेच गेले. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला साबणाच्या फेसासारखे काळे बुडबुडे दिसले. मुंबईला नेलं. सुईने तुकडा काढून तपासला. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘जायंट सेल ट्यूमर’. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, साधी गाठ आहे, पण हाड खाते. तेवढं ऐकून अब्बांनी हॉस्पिटलच्या जिन्याखाली शुक्रान्याची नमाज पढली. ऑपरेशनमध्ये गाठ खरवडून काढली आणि पोकळीत सिमेंट भरलं. निघताना हातात एक जाड फाइल दिली. सुरुवातीला दर काही महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा एक्स-रे काढायला या म्हणून बजावलं.

दोन वर्षं आम्ही गेलो. २०११च्या शेवटी आपाचा निकाह झाला आणि फाइल अम्मीच्या लोखंडी पेटीत, रजयांच्या खाली गेली. सासरी सांगितलं की लहानपणी पडली होती, तेव्हा ऑपरेशन झालं. मी एकदा विचारलं तर अम्मी म्हणाली, “गाठ थी, निकल गई. अब उसका नाम नक्को ले.” ‘ट्यूमर’ हा शब्द रिश्त्यात काय करू शकतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, त्यामुळे तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. मीही त्या वर्षांत गप्पच होतो.

फोन ठेवल्यावर सगळे करतात तेच मी केलं. नेटवर शोधलं. तिथे एक ओळ पुन्हा पुन्हा भेटत होती, की हाडाची साधी गाठ उपचारानंतर बऱ्याच वर्षांनी, क्वचित, कर्करोगात बदलू शकते. डॉक्टरांची वेळ बारा दिवसांनंतरची मिळाली होती. मी वैद्यकीचा माणूस नाही, जुने कागद वाचणारा आहे. ते बारा दिवस मी या एका ओळीचा इतिहास वाचण्यात घालवले. भीती कमी झाली नाही, पण तिचा आकार कळला.

ही गाठ वैद्यकीय ग्रंथांत पहिल्यांदा नीट आली ती १८१८ साली, लंडनचे शल्यचिकित्सक अॅस्टली कूपर यांच्या लिखाणात. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स पॅजेट, फ्रान्समध्ये ओगुस्त नेलातों यांनी तिचं वर्णन केलं. दोघांचंही निरीक्षण असं की ही इतर हाडांच्या गाठींसारखी जीवघेणी नाही. पण निरीक्षण पुस्तकात राहिलं आणि ऑपरेशनच्या टेबलावर वेगळंच चाललं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठीत प्रचंड मोठ्या, अनेक केंद्रकं असलेल्या पेशी दिसायच्या. त्या बघूनच लोक घाबरायचे. गाठीला सर्रास ‘जायंट सेल सार्कोमा’ म्हटलं जायचं. सार्कोमा म्हणजे हाडाचा किंवा मांसाचा कर्करोग, आणि त्यावर तेव्हाचा उपाय एकच होता, पाय मांडीपासून कापणे. विशी-तिशीतली माणसं, कारण ही गाठ बहुतेक त्याच वयात होते, एका चुकीच्या नावापायी पाय गमावत होती.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले जोसेफ ब्लडगुड या नावाच्या विरोधात उभे राहिले. १९१२च्या सुमारास त्यांनी ‘सार्कोमा’ हा शब्द काढून ‘जायंट सेल ट्यूमर’ हे नाव पुढे आणलं. पाय कापू नका, गाठ खरवडा, पोकळी भरा, माणूस चालत घरी जाईल, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. नाव बदलल्याने पाय वाचले. माझ्या बहिणीचा पायही, खरं म्हणजे, त्या नावाच्या कृपेनेच वाचला.

नाव तर बदललं, पण त्याबरोबर एक सैलपणाही आला. गाठ साधी आहे म्हटल्यावर तिच्यावर काहीही करून बघायला हरकत नाही, असं वाटू लागलं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ‘काहीही’चा अर्थ होता क्ष-किरण. राँटगेन यांनी १८९५मध्ये शोध लावला आणि क्युरी दांपत्याने १८९८मध्ये रेडियम शोधलं, त्यानंतर किरणं हा जादूचा दिवाच झाला. मुरुम, नायटा, हाडाचा क्षय, संधिवात, सगळ्यांवर किरणं. आपल्याकडे आजही रुग्ण त्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. शेकल्यासारखं सुखाचं, उजेडासारखं निरुपद्रवी, असाच त्या काळी त्याचा लौकिक होता. जायंट सेल ट्यूमरवर तर तो फार शोभून दिसायचा. खरवडलेली गाठ पुष्कळदा परत यायची. किरणं दिली की दुखणं थांबायचं, पुढच्या एक्स-रेवर पोकळीच्या कडा पांढऱ्या, कठीण होताना दिसायच्या. रक्त नाही, भूल नाही. काही महिन्यांनी रुग्ण काठी टाकून द्यायचा आणि डॉक्टर कागदावर ‘बरा’ लिहायचे.

त्या काळच्या यंत्रांतली एक खोट आज भौतिकशास्त्राचा विद्यार्थीही सांगेल. कमी ऊर्जेची किरणं कॅल्शियममध्ये जास्त शोषली जातात. म्हणजे बाहेरून कातडीला जेवढा मारा बसल्यासारखा वाटे, त्यापेक्षा कितीतरी जास्त आतलं हाड पिऊन घेत असे. वर शेक पुरेसा वाटला नाही तर तो पुन्हा दिला जायचा, अनेक फेऱ्यांमध्ये, काही वेळा वर्षानुवर्षं.

याची सूचना कोणालाच मिळाली नव्हती असं नाही. १९२२मध्येच जर्मनीतल्या बेक नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की क्षयाने धरलेल्या सांध्यांना किरणं दिल्यावर काही वर्षांनी त्याच जागी सार्कोमा झाला. क्षयाचा सांधा म्हणजे गाठसुद्धा नव्हे. दुसरी सूचना याहून मोठी होती. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारे आकडे रंगवणाऱ्या मुली कामाला होत्या. रंगात रेडियम होतं. टोक बारीक राहावं म्हणून कुंचला ओठांत धरून फिरवायचा, असं त्यांना शिकवलं होतं. रेडियम कॅल्शियमसारखं वागतं, पोटातून थेट हाडात जाऊन बसतं आणि तिथून जन्मभर किरणं फेकत राहतं. आधी त्यांचे जबडे सडले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी कंपनीवर खटला भरला. १९२८मध्ये तडजोड झाली तेव्हा त्यांतल्या काहींना शपथेसाठी हातही धड वर करता येत नव्हता. त्याच भागातले सरकारी शवचिकित्सक हॅरिसन मार्टलंड यांनी १९२९मध्ये दाखवून दिलं की या मुलींच्या हाडांत सार्कोमा होतोय. चांगली, धडधाकट हाडं होती ती.

म्हणजे १९२९पर्यंत दोन्ही गोष्टी छापून आल्या होत्या, बाहेरून दिलेली किरणंही आणि आतून गेलेलं रेडियमही. तरी हाडाच्या साध्या गाठींना शेक देणं पुढची दोन दशकं चालूच राहिलं. मला यात कोणाचं कारस्थान दिसत नाही. बेक जर्मनमध्ये लिहीत होते. मार्टलंड कारखान्याच्या आजाराबद्दल लिहीत होते. आणि गाठीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा रुग्ण तर ‘बरा’ होऊन दुसऱ्या गावी गेलेला असायचा. दहा वर्षांनी त्याचा पाय सुजला की तो दुसऱ्या डॉक्टरकडे, दुसऱ्या हॉस्पिटलात जायचा. तिथे नवीन कागद तयार व्हायचा आणि त्यावर फक्त ‘सार्कोमा’ लिहिलेलं असायचं. जुना कागद आणि नवा कागद एका टेबलावर येतच नव्हते.

ते यावेत म्हणून एका माणसाने आपली कारकीर्द पणाला लावली. बोस्टनचे अर्नेस्ट अॅमरी कॉडमन. आज हाडाचा एक्स-रे वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘कॉडमनचा त्रिकोण’ माहीत असतो, गाठीने हाडावरचं आवरण उचललं की कडेला दिसतो तो. पण त्यांचा खरा ध्यास वेगळाच होता. रुग्ण घरी गेला म्हणजे उपचार संपला असं त्यांना मान्य नव्हतं. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड हवं, पुढची अनेक वर्षं त्याला गाठून विचारायला हवं की काय झालं, आणि फसलं असेल तर का फसलं हे लिहून छापायला हवं. आज हे साधं वाटतं. १९१०च्या दशकात बोस्टनच्या बड्या डॉक्टरांना हा उद्धटपणा वाटला. कॉडमन यांनी १९१४मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला आणि स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलात हा हिशेब मांडून दाखवला. १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्ण घरी गेले आणि १२३ चुका झाल्या. त्या त्यांनी छापल्या. १९१५च्या जानेवारीत एका सभेत त्यांनी शहामृगाचं व्यंगचित्र टांगलं. शहामृगाचं डोकं वाळूत आणि पाठीमागे सोन्याची अंडी, म्हणजे बोस्टनचे श्रीमंत रुग्ण आणि डोळे मिटून फी घेणारे डॉक्टर. इतका गदारोळ झाला की त्यांना स्थानिक वैद्यक संघटनेतलं पद सोडावं लागलं.

इथे एक आडवळण घेतो. आमच्याकडे अशा लेखांत अल-जहरावींचं नाव आलं की लेखक लगेच त्यांनी काढलेल्या शस्त्रक्रियेच्या अवजारांची चित्रं मोजू लागतो. मला त्या चित्रांपेक्षा त्यांच्या ‘अल-तसरीफ’ ग्रंथातली एक कबुली जास्त मोलाची वाटते. हजार वर्षांपूर्वी कर्दोब्यात बसून त्यांनी कर्करोगाबद्दल लिहिलं, की रोग जुना आणि मोठा झाला असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका. आणि पुढे सरळ मान्य केलं की असा एकही रुग्ण आपल्या हातून बरा झालेला नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या हातून झालेलाही आपण पाहिलेला नाही. एवढा नावाजलेला जर्राह स्वतःच्या ग्रंथात हे लिहून ठेवतो! कॉडमन त्याच जातीचे होते.

१९२०मध्ये कॉडमन यांनी हाडांच्या सार्कोमाची नोंदवही सुरू केली. साथीला ब्लडगुड होते आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलचे रोगनिदानतज्ज्ञ जेम्स यूइंग. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांना पत्रं गेली, तुमच्याकडच्या हाडाच्या गाठीचे एक्स-रे पाठवा, काचपट्ट्या पाठवा आणि रुग्णाचं पुढे काय झालं ते कळवत राहा. जुना आणि नवा कागद एका टेबलावर यायला तिथून सुरुवात झाली. नोंदी मोठ्या विस्कळीत होत्या, बऱ्याच अर्धवट होत्या. पण गाठीचं नाव काय यावर भांडण्यापेक्षा तिचं दहा वर्षांनी काय झालं हे विचारायची सवय लागली. कॉडमन १९४०मध्ये वारले. घरात पैसे उरले नव्हते, म्हणून कबरीवर दगडही नव्हता. तो बसला २०१४ साली. मातीच्या साध्या कबरीचं आपल्याला काही वाटत नाही, पण बोस्टनसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा होतो.

मेमोरियलमध्ये तेव्हा विल्यम कोली हाडांच्या गाठींचं काम पाहत होते. १९३५मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘तथाकथित साध्या’ जायंट सेल ट्यूमरमध्ये होणाऱ्या कर्करोगी बदलाचा उल्लेख होता. ‘तथाकथित’ हा शब्द ब्लडगुड यांना टोचला असेल यात शंका नाही. कोलींचं म्हणणं पूर्ण बरोबर नव्हतं. काही गाठी पहिल्यापासूनच कर्करोगी असतात आणि तपासलेल्या तुकड्यात ते दिसत नाही. सुई जिथे गेली तिथला भाग साधा आणि बोटभर पलीकडे सार्कोमा, असं होऊ शकतं. मग पाच वर्षांनी ‘बदलली’ म्हणायचं की ‘तेव्हाच होती’ म्हणायचं? हा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही.

तो सोडवायची रीत घालून दिली ती १९४८च्या एका लेखाने. हॉस्पिटल तेच, मेमोरियल. लेखक पाच होते. तरुण शल्यचिकित्सक विल्यम कॅहन, शास्त्रज्ञ हेलन वुडर्ड, हिगिनबॉटम, स्ट्यूअर्ट आणि ब्रॅडली कोली. यातले ब्रॅडली हे विल्यम कोलींचे चिरंजीव. वडिलांनी शंका काढली होती, मुलगा तिचा पुरावा घेऊन आला. लेखात फक्त ११ रुग्ण आहेत. काहींच्या हाडात आधी साधा विकार होता. काहींचं हाड निरोगीच होतं, दुसऱ्या आजारासाठी दिलेल्या किरणांच्या वाटेत ते आलं होतं. सगळ्यांना किरणं मिळाली होती आणि सगळ्यांना पुढे त्याच जागी सार्कोमा झाला.

अकरा हा आकडा फार लहान वाटतो. त्यामागची अट मात्र कडक होती. आधीचा विकार कर्करोग नव्हता याचा पुरावा हवा, सूक्ष्मदर्शकाचा किंवा एक्स-रेचा. नवी गाठ किरणं पडली त्याच टापूत उगवलेली हवी. मधली शांततेची वर्षं भरपूर हवीत, पाच किंवा अधिक. आणि नवा सार्कोमा तुकडा तपासून सिद्ध झालेला हवा. यातली प्रत्येक अट जुन्या फाइलशिवाय पुरी होत नाही. पहिली काचपट्टी फेकून दिली असती, पहिल्या किरणांचा नकाशा हरवला असता, तर त्या अकरांपैकी एकही रुग्ण या लेखात आला नसता. किरणांमुळे होणारा सार्कोमा ओळखायला जगभर आजही कॅहन यांच्याच अटी वापरतात. मधल्या वर्षांची मर्यादा तेवढी काहींनी थोडी खाली आणली.

त्यानंतर शेक एकदम बंद झाला नाही. वैद्यकात कुठलीच गोष्ट एका लेखाने बंद होत नाही. पण हात आखडता झाला. १९८६मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी उपचारानंतर कर्करोगी झालेल्या १९ जायंट सेल ट्यूमरचा अभ्यास छापला, त्यातल्या बहुतेकांना पूर्वी किरणं मिळाली होती. आज माकडहाडासारख्या किंवा मणक्यासारख्या जिथे चाकू पोहोचत नाही अशा जागी, नव्या यंत्रांनी, मोजूनमापून किरणं दिली जातात. गुडघ्याच्या गाठीला सहसा देत नाहीत. मोठे आढावे सांगतात की शंभर जायंट सेल ट्यूमरमागे साधारण चार कर्करोगी निघतात. त्यातले काही पहिल्यापासूनच तसे असतात, उरलेले नंतर बदललेले.

हे वाचत असताना मी फाइलमधला जुना डिस्चार्ज कागद चार वेळा पाहिला. आपाला किरणं दिलेली नव्हती. जीव हलका झाला. मग पुढच्याच पानावर वाचलं की किरणं न देताही, नुसतं खरवडून भरलेल्या जागी, बऱ्याच वर्षांनी सार्कोमा झाल्याच्या थोड्या का होईना पण नोंदी आहेत. त्या रात्री मी पुढे वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचलं ते औषधाबद्दल. हा इतिहास १९४८ला संपत नाही. त्या राक्षसी पेशी, ज्यांच्यावरून गाठीला नाव पडलं आणि ज्यांना बघून शंभर वर्षं पाय कापले गेले, त्या मुळात गुन्हेगार नाहीतच. त्या हाड खाणाऱ्या पेशी, बोलावलेल्या मजुरांसारख्या. बोलावणारी दुसरीच आहे, शेजारी उभी असलेली साधी दिसणारी पेशी. २०१३मध्ये तिच्या जनुकातला नेमका बिघाड सापडला आणि बहुतेक सगळ्या जायंट सेल ट्यूमरमध्ये तोच दिसला. डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन, जे आधी हाडं ठिसूळ झालेल्या बायकांसाठी आलं होतं, ते या मजुरांचं बोलावणंच अडवतं. त्याच वर्षी, २०१३मध्ये, अमेरिकेत ते या गाठीसाठी मंजूर झालं. परिणाम थक्क करणारा होता. राक्षसी पेशी गायब, दुखणं बंद, एक्स-रेवर काळ्या पोकळीभोवती पांढरी कठीण कड. पोकळीच्या पांढऱ्या होत जाणाऱ्या कडा हे चित्र आपण आधीही पाहिलं आहे, शेकाच्या काळात.

मजूर गेले, मुकादम जागेवर आहे. औषध थांबलं की गाठ परत येऊ शकते. मुंबईतल्याच शल्यचिकित्सकांनी २०१८मध्ये लिहिलं की आधी हे औषध देऊन मग खरवडलेल्या गाठी परत येण्याचं प्रमाण त्यांना जास्त दिसलं. गाठीची खरी हद्द त्या नव्या कठीण हाडात लपून जाते. आणि २०१५पासून या औषधाच्या काळात किंवा त्यानंतर गाठ कर्करोगी झाल्याच्या तुरळक नोंदी येऊ लागल्या. पाचशेहून अधिक रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात, २०१९मध्ये, हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. म्हणजे जुन्या आकड्यापेक्षा काही जास्त नाही. औषधानेच होतं असा पुरावा नाही. जिथे ऑपरेशन शक्यच नाही तिथे हे औषध माणसाला चालतं-फिरतं ठेवतं, हेही खरं. माझी अडचण एवढीच की शेकाच्या बाबतीत उत्तर मिळायला दहा, पंधरा, वीस वर्षं लागली होती. २०१३ला अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत.

बाराव्या दिवशी आम्ही गेलो. मी, आपा आणि दुल्हेभाई. फाइल अम्मीने स्वतः पेटीतून काढून दिली, काही न बोलता. दुल्हेभाईंना ओपीडीच्या बाकड्यावर बसून सगळं पहिल्यांदा कळलं. ते बराच वेळ फाइलकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “पंधरा साल हो गए, मेरेकू बोले नै?” आपाने उत्तर दिलं नाही.

डॉक्टरांनी नवीन एक्स-रे टांगला आणि पहिला प्रश्न विचारला, “जुने कुठे आहेत?” त्यांनी समजावून सांगितलं. हाडात भरलेल्या सिमेंटभोवती एक बारीक काळी रेघ असते, तिच्याबाहेर पांढरी कड असते. ती तशी असणं चांगलं. ती रेघ रुंद होत गेली की शंका घ्यायची. आज ती किती आहे एवढ्यावरून काही कळत नाही, आधी किती होती ते बघायला हवं. फाइलमध्ये २००९ आणि २०१०ची प्लेट होती. २०११ची, सगळ्यात शेवटची, म्हणजे सगळ्यात कामाची, तिचं नुसतं पाकीट होतं. आत काही नाही.

मला तिथेच आठवलं. २०१९च्या २६ डिसेंबरला सूर्यग्रहण होतं. आपाचा मोठा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, नानीकडे सुट्टीला आलेला. शाळेत कोणीतरी सांगितलं होतं की एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघतात. त्याने पेटी उघडून एक काळी फिल्म काढली, कात्रीने तीन चौकोन कापले आणि आम्ही सगळ्यांनी गच्चीवर उभं राहून आपाच्या गुडघ्यातून सूर्य बघितला. डोळ्यांना ते किती घातक आहे ते वेगळंच. अम्मी रागावली नाही. पेटीतून काहीतरी कमी झालं म्हणून तिला बरंच वाटलं असणार.

२०१०च्या प्लेटवर भागवावं लागलं. एमआरआय झाला, छातीचा फोटो झाला, कारण ही गाठ परतली तर फुप्फुसातही जाऊ शकते. चार दिवसांनी सांगितलं. रेघ २०१०ला होती तेवढीच आहे. गाठ नाही. सिमेंट सांध्याच्या अगदी जवळ असल्याने वरचं कूर्चेचं अस्तर झिजलंय, दुखणं त्याचं आहे. जिने कमी चढा, वजन सांभाळा, सहा महिन्यांनी परत या आणि त्यानंतर दरवर्षी. आपाने विचारलं, “किती वर्षं?” डॉक्टर म्हणाले, “मी सांगतो ना, येत राहा.”

नव्या प्लेटा आता आपाच्या सासरच्या घरी, समोरच्या खोलीत, कपाटावर ठेवल्यात. मुलगा बारा वर्षांचा झालाय. त्याने लगेच मला सांगितलं की पुढचं मोठं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ला आहे, अरबस्तानात पूर्ण अंधार होणार, आपल्याकडे थोडंसं दिसेल. आपा स्वयंपाकघरातूनच ओरडली, “त्याला सांग, या वेळी चष्मा विकत आण.”